चारकोपचा धडा : वैद्यकीय उपकरणांचा लघुउद्योग आणि शासनाची साथ

(भाषणाचा मजकूर)



मुंबई उपनगर जिल्ह्यात कांदिवली स्थानकाच्या पश्चिमेस, खाडीच्या अंगाला, चारकोप वसलेले आहे. आज तेथे गेलेल्या माणसाला दाट वस्ती, सेक्टरांचे क्रमांक, शाळा, बाजार आणि रिक्षांची वर्दळ दिसते. परंतु हे चारकोप कसे उभे राहिले, हे ध्यानात घेतले तर आजच्या विषयाचे अर्धे उत्तर तेथेच सापडते.

१९८५ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबई नागरी विकास प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यातील एक भाग ‘भूखंड व सेवा’ या नावाने ओळखला जाई. महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण, म्हणजेच म्हाडा, हिने चारकोप, गोराई आदी ठिकाणी तो राबविला. या योजनेचे वैशिष्ट्य असे की, शासनाने तेथे पूर्ण इमारती बांधून किल्ल्या वाटल्या नाहीत. शासनाने जमीन सारखी केली, रस्ते आखले, पाण्याचे नळ, मलवाहिन्या आणि वीज आणली, शाळा व दुकानांसाठी जागा राखल्या आणि अवघ्या पंचवीस चौरस मीटरांच्या आसपासचे लहान लहान भूखंड पाडले. साधारण पस्तीस कुटुंबांची एक सहकारी संस्था आणि तिच्या मध्यभागी सामाईक अंगण, अशी रचना ठेवली. मोठे भूखंड बाजारभावाने विकून लहान भूखंडधारकांचा भार हलका केला. घर मात्र ज्याचे त्याने, आपल्या ऐपतीप्रमाणे, टप्प्याटप्प्याने बांधले. प्रथम एक खोली, मग स्वयंपाकघर, मुले कमावती झाल्यावर वरचा मजला.

शासनाने काय करावे आणि लोकांनी काय करावे, याची ही वाटणी होती. एकट्या कुटुंबाला जे कधीच जमले नसते, ते शासनाने केले. कुटुंबाला जे शासनापेक्षा चांगले जमते, ते कुटुंबावर सोपविले. वैद्यकीय उपकरणे बनविणाऱ्या लहान, वाढत्या उद्योगांना प्रादेशिक पातळीवर कोणती साथ द्यावी, या प्रश्नाचा विचार याच वाटणीच्या प्रकाशात करावयाचा आहे.

गाळ्यातील कसब

याच चारकोपात शासकीय औद्योगिक वसाहत आहे. मुंबईच्या अशा वसाहतींतील कारखाना म्हणजे बहुधा एक गाळा. त्यात एखादे लेथ यंत्र, प्लास्टिक ओतण्याचे यंत्र किंवा छपाईचे काम, पाचपंचवीस कामगार, आणि हिशेबापासून मालाच्या गाडीपर्यंत सर्व पाहणारा मालक. शेजारच्या गाळ्यात साचा तयार होतो, पलीकडच्या गाळ्यात पॅकिंगचे खोके. उपनगरांतील लघुउद्योग या शेजारधर्मावर वाढला आहे.

आता असे समजावे की, अशाच एखाद्या गाळ्यात प्लास्टिकचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखानदाराकडे एक डॉक्टर येतात आणि रुग्णाच्या श्वासनलिकेतील स्राव ओढून घेण्यासाठी एक विशिष्ट आकाराची नळी करून मागतात. साचा करणे त्या कारखानदाराच्या हातचा मळ आहे. आठवड्याभरात नमुना तयार होईल. परंतु नमुना तयार झाला म्हणजे उपकरण तयार झाले, असे नव्हे. बादलीला चीर गेली तर पाणी सांडते. नळीला चीर गेली तर माणूस दगावतो. या एका फरकामुळे वैद्यकीय उपकरणाचा उद्योग इतर लघुउद्योगांपासून वेगळा होतो आणि त्याला लागणारी साथही वेगळी असते.

कायद्याची चौकट

आपल्या देशात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. त्यांनुसार उपकरणांची धोक्याच्या प्रमाणात ए, बी, सी आणि डी अशा चार वर्गांत विभागणी केली जाते. घसा तपासताना जीभ दाबण्याची पट्टी हे सर्वांत कमी धोक्याच्या ए वर्गाचे उदाहरण. इंजेक्शनची सुई बी वर्गात येते. मोडलेले हाड जोडणारी पट्टी किंवा कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र सी वर्गात आणि हृदयाची कृत्रिम झडप डी वर्गात मोडते. पूर्वी मोजक्याच उपकरणांवर नियंत्रण होते. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या कक्षेत आणण्यात आली. त्यानंतर ए आणि बी वर्गासाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून, तर सी आणि डी वर्गासाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना आवश्यक झाला. ए वर्गातील जी उपकरणे निर्जंतुक स्वरूपात विकली जात नाहीत आणि मोजमापाचे कामही करीत नाहीत, त्यांना परवान्याऐवजी नोंदणीची सवलत मिळाली.

ए आणि बी वर्गाच्या उत्पादनाचा परवाना राज्याचा अन्न व औषध प्रशासन विभाग देतो. सी आणि डी वर्गाचा परवाना केंद्रीय यंत्रणेकडे आहे. बी वर्गाच्या कारखान्याची तपासणी अधिसूचित तपासणी संस्थेमार्फत होते. याखेरीज नियमांच्या पाचव्या अनुसूचीत गुणवत्ता व्यवस्थापनाची पद्धती घालून दिलेली आहे. कच्चा माल कोठून आला, कोणत्या दिवशी कोणत्या यंत्रावर भाग तयार झाला, कोणी तपासला, कोठे पाठविला, याची नोंद ठेवावी लागते. उद्या एखाद्या रुग्णालयातून तक्रार आली, तर त्या खेपेतील प्रत्येक नग शोधून परत मागविता आला पाहिजे.

हे नियम जाचक आहेत, असे म्हणणारे कारखानदार भेटतात. त्यांची अडचण खरी असली, तरी नियम सैल करणे हा त्यावरील उपाय नव्हे. ज्याच्या शरीरात ती नळी जाणार आहे, त्याला कारखाना लहान आहे की मोठा, याच्याशी कर्तव्य नसते. पालघरच्या पाड्यावरील बाळंतिणीला मिळणारे उपकरण आणि शहरातील मोठ्या रुग्णालयातील उपकरण, यांच्या सुरक्षिततेत भेद करता येणार नाही. उपाय दुसरीकडे आहे. नियम पाळण्यासाठी जी साधने लागतात, ती लहान कारखानदाराच्या आवाक्यात आणून ठेवणे, हे शासनाचे आणि समाजाचे काम आहे.

पवईची प्रयोगशाळा

याची सुरुवात आपल्या राज्यात झालेली आहे आणि तीही याच उपनगर जिल्ह्यात. २०१४ साली राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग या राज्य शासनाच्या संस्थेच्या आर्थिक साहाय्याने पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत वैद्यकीय उपकरणांच्या संशोधनाचे व विकासाचे केंद्र स्थापन झाले. ‘बेटिक’ या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाते. यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक बी. रवी यांनी त्याची उभारणी केली. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था यांनाही या कामात सामील करून घेण्यात आले. डॉक्टर आणि अभियंते एकत्र बसवावयाचे, रुग्णालयात प्रत्यक्ष काय अडते ते डॉक्टरांनी सांगावयाचे, अभियंत्यांनी त्यावर नमुने करावयाचे आणि जे टिकतील त्यांतून कंपन्या उभ्या करावयाच्या, अशी तेथील कार्यपद्धती आहे. त्याच संस्थेच्या आवारात नव्या उद्योगांना आसरा देणारे ‘साइन’ हे इनक्युबेशन केंद्र २००४ पासून काम करीत आले आहे.

या पद्धतीचे फळ २०२० च्या एप्रिल महिन्यात दिसले. करोनाची साथ फैलावत होती. डॉक्टर पायापासून डोक्यापर्यंत संरक्षक पोशाखात असत. कान झाकलेले असल्यामुळे नेहमीचा स्टेथोस्कोप लावणे कठीण आणि रुग्णाच्या छातीजवळ वाकणे धोक्याचे. अशा वेळी पवईत जन्मलेल्या ‘आयु डिव्हायसेस’ या तरुण कंपनीचा डिजिटल स्टेथोस्कोप उपयोगी पडला. छातीतील आवाज बिनतारी पद्धतीने दूर उभ्या असलेल्या डॉक्टरांपर्यंत पोहोचू लागला आणि तो नोंदवून दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठविणेही शक्य झाले. हे यंत्र साथीसाठी रातोरात तयार झालेले नव्हते. त्यामागे कित्येक वर्षांचे काम होते. गरज उभी राहिली त्या दिवशी ते तयार होते, कारण कोणीतरी गरज नसलेल्या दिवसांत त्याला आधार दिला होता. पुण्याच्या मायलॅब या कंपनीने त्याच वर्षी मार्च महिन्यात करोना तपासणीचा पहिला देशी संच मंजूर करून घेतला, त्यामागेही हेच सत्य आहे.

ट्रॉम्बेचे दोन अनुभव

या विषयातील दोन जुने अनुभव चेंबूरच्या पलीकडे, ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राशी निगडित आहेत. एक अनुकरणीय आहे. दुसरा विचार करावयास लावणारा आहे.

पहिला अनुभव ‘आयसोमेड’ या प्रकल्पाचा. वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करण्यासाठी पूर्वी मुख्यतः उष्णतेचा वापर होई. प्लास्टिकच्या नळ्या, सिरिंजा यांसारख्या वस्तू उष्णतेने वाकतात किंवा वितळतात. कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी द्रव्यातून निघणारे गॅमा किरण मात्र बंद खोक्यातूनही आरपार जातात आणि वस्तू न तापविता जंतूंचा नाश करतात. असा प्रकल्प उभारणे एखाद्या गाळेधारकाला सात जन्मांत शक्य झाले नसते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने १९७४ साली तो ट्रॉम्बे येथे सुरू झाला. कारखानदाराने आपला माल बंद खोक्यांत आणावयाचा, शुल्क भरावयाचे आणि निर्जंतुक माल घेऊन जावयाचे. देशातील एकवार वापराच्या वैद्यकीय वस्तूंच्या उद्योगाला या सामाईक सोयीचा फार मोठा आधार झाला. चारकोपमध्ये जे काम नळाने आणि मलवाहिनीने केले, तेच काम येथे या प्रकल्पाने केले.

दुसरा अनुभव ‘भाभाट्रॉन’चा. कर्करोगावर किरणोपचार करणारे हे यंत्र ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी विकसित केले. परदेशी यंत्राच्या तुलनेत ते स्वस्त होते. भारताने ते व्हिएतनामसारख्या मित्रराष्ट्रांना भेटही दिले. राष्ट्राच्या दृष्टीने ही अभिमानाची गोष्ट आहे. तथापि त्याचे व्यापारी उत्पादन बंगळूरच्या एका कंपनीने केले. यात त्या कंपनीचा दोष नाही; तिने पुढे येऊन जबाबदारी घेतली, हे तिचे कर्तृत्व होय. परंतु ज्ञान मुंबईत, मोठी रुग्णालये मुंबईत, कुशल कारागीर मुंबईत आणि कारखाना मात्र अन्यत्र, असे का व्हावे, हा प्रश्न महाराष्ट्रातील जाणत्यांनी स्वतःला विचारला पाहिजे. प्रयोगशाळा आणि गाळा यांच्यामधील अंतर किलोमीटरांत मोजून चालत नाही.

अन्यत्र काय घडले

अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात १९४९ साली दोन तरुणांनी एका गॅरेजमध्ये रुग्णालयांची यंत्रे दुरुस्त करण्याचा धंदा काढला. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी शहराचा वीजपुरवठा खंडित झाला. त्या काळी हृदयाचे ठोके चालू ठेवणारी यंत्रे विजेच्या तारेवर चालत असत. तेथील विद्यापीठ रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. लिलेहाय यांनी दुरुस्तीसाठी येणाऱ्या अर्ल बकेन या अभियंत्याला विचारले की, बॅटरीवर चालणारे यंत्र करता येईल काय? सुमारे चार आठवड्यांत बकेन यांनी ते करून आणले. मेडट्रॉनिक या जगप्रसिद्ध कंपनीची ही सुरुवात. आज त्या भागात वैद्यकीय उपकरणांचे शेकडो उद्योग आहेत. डॉक्टर आणि दुरुस्ती करणारा अभियंता यांची रोजची ओळख, हे त्या भरभराटीचे मूळ होते.

आपल्याच देशातील तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने हृदयाची कृत्रिम झडप तयार केली. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली हे काम चालले होते. पहिले तीन नमुने अयशस्वी झाले. चौथा यशस्वी ठरला आणि डिसेंबर १९९० मध्ये तो प्रथम रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आला. पुढे टीटीके उद्योगसमूहाने त्याचे उत्पादन केले आणि लाखाहून अधिक झडपा रुग्णांना मिळाल्या. तीन अपयशांनंतरही संस्थेचा आधार काढून घेतला गेला नाही, ही यातील सर्वांत मोलाची बाब आहे. एका गाळ्याच्या मालकाने तीन वेळा अपयश पचविले असते काय? बँकेचा हप्ता त्याला थांबू देत नाही. म्हणून नवे उपकरण घडविण्याच्या काळातील धोका वाटून घेणारी व्यवस्था असावी लागते.

आज उपलब्ध असलेली साथ

केंद्र व राज्य शासनांच्या योजनांचा येथे थोडक्यात परामर्श घेणे आवश्यक आहे. २०२० साली केंद्राने वैद्यकीय उपकरणांच्या उत्पादनासाठी ३,४२० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना जाहीर केली. तिचा लाभ मुख्यतः मोठी गुंतवणूक करू शकणाऱ्या उद्योगांना होता. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरण मंजूर झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ५०० कोटी रुपयांची आणखी एक योजना सुरू झाली. उद्योगसमूहांसाठी सामाईक सुविधा, मनुष्यबळाचे प्रशिक्षण आणि उपकरणांच्या वैद्यकीय चाचण्यांना साहाय्य या गोष्टींचा तिच्यात समावेश करण्यात आला. लहान उद्योगाच्या दृष्टीने ही योजना अधिक जवळची आहे.

राज्याच्या पातळीवर महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीने २०१८ पासून ‘स्टार्टअप सप्ताह’ भरविण्यास प्रारंभ केला. त्यात निवड झालेल्या नव्या उद्योगांना आपले उत्पादन शासकीय विभागात वापरून दाखविण्यासाठी पंधरा लाख रुपयांपर्यंतचे कार्यादेश देण्याची पद्धत ठेवण्यात आली. पेटंट आणि गुणवत्ता चाचणी यांच्या खर्चाची भरपाई करण्याच्या योजनाही आखण्यात आल्या. सूक्ष्म व लघुउद्योगांच्या समूहाने एकत्र येऊन सामाईक सुविधा केंद्र उभारावे, यासाठी राज्याचा औद्योगिक समूह विकास कार्यक्रम आहे. साकीनाका येथे केंद्र शासनाच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाचे चाचणी केंद्र आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. मुंबईसारख्या विकसित भागातील उद्योगांना शासनाने का मदत करावी? मराठवाडा, विदर्भ, कोकण यांचा अनुशेष असताना चारकोपचा विचार कशासाठी? १९६४ च्या सामूहिक प्रोत्साहन योजनेपासून राज्याचे धोरण उद्योग मुंबई-पुण्याबाहेर नेण्याचे राहिले आहे आणि त्याला सबळ कारणे होती. त्या धोरणाला बाधा आणण्याचे कारण नाही. चारकोपच्या गाळ्याला करमाफी किंवा रोख अनुदान मिळावे, असा आग्रह धरण्याची गरज नाही. तेथे हवी आहे ती सेवा. रुग्णालये, संशोधक, कारागीर आणि परवाना अधिकारी जेथे एकत्र आहेत तेथे उपकरण जन्माला यावे. त्याचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन मात्र नाशिक, नागपूर वा छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक क्षेत्रात व्हावे. शहराने जन्म द्यावा आणि जिल्ह्याने वाढवावे, असा क्रम ठेवल्यास दोन्ही हेतू साधतील.

काय उणे आहे

योजना आहेत, मग उणीव कशाची? पहिली उणीव जागेची. मुंबईत जमिनीच्या किमती अशा चढल्या की, कारखान्यांच्या जागी निवासी मनोरे आणि कार्यालये उभी राहत गेली. गाळा विकून येणारा पैसा हा गाळ्यात यंत्र चालवून मिळणाऱ्या पैशापेक्षा जास्त असेल, तर मालकाचा मुलगा यंत्राजवळ उभा राहणार नाही. एक कुशल साचेकार निवृत्त झाला आणि त्याच्या हाताखाली कोणी शिकले नाही, की ते कसब त्या वस्तीतून कायमचे जाते. पवईच्या अभियंत्याला मग साचा करून घेण्यासाठी परराज्यात, नाहीतर परदेशात, जावे लागते. म्हणून शासकीय औद्योगिक वसाहतींमधील जागा प्रत्यक्ष उत्पादनासाठीच वापरात राहाव्यात, यावर कटाक्ष असणे अगत्याचे आहे.

दुसरी उणीव सामाईक सोयींची. अशा वसाहतीत धूळविरहित, नियंत्रित हवेचा एक सामाईक कक्ष असावा. जुळणी आणि पॅकिंगचे काम लहान उद्योजकांनी तेथे तासांच्या भाड्याने करावे. विद्युत सुरक्षिततेची चाचणी करणारी उपकरणे असावीत. परवान्याची कागदपत्रे आणि गुणवत्तेच्या नोंदी कशा ठेवाव्यात, हे शिकविणारा जाणता माणूस आठवड्यातून काही दिवस तेथे बसावा. हा खर्च एका गाळ्याला पेलणारा नाही. पन्नास गाळ्यांनी वाटून घेतला तर जड नाही.

तिसरी उणीव रुग्णालयाच्या दाराशी आहे. कांदिवलीतच महानगरपालिकेचे भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय आहे. पूर्वेस राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे. तेथील परिचारिकेला कोणती नळी सतत तुंबते आणि कोणत्या पलंगाचा दांडा निसटतो, हे ठाऊक असते. हे ज्ञान गाळ्यापर्यंत पोहोचण्याचा राजमार्ग नाही. नव्या उपकरणाची रुग्णावर चाचणी घ्यावयाची तर नीतिसमितीची अनुमती आणि रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती हवी. ती तशीच हवी. परंतु अर्ज कोणाकडे करावा, उत्तर किती दिवसांत मिळेल, हे निश्चित असले पाहिजे. नकारही वेळेवर मिळाला तर उपकारक ठरतो.

चौथी आणि सर्वांत मोठी उणीव पहिल्या ग्राहकाची. परवाना हातात आला तरी, तीन वर्षांची उलाढाल दाखवा, पूर्वी पुरवठा केल्याचे दाखले आणा, या निविदेच्या अटींपाशी नवा उद्योजक अडतो. पूर्वी कोणी घेतले नाही म्हणून आज कोणी घेत नाही, असे हे चक्र आहे. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मध्ये गुणवत्तेच्या व तांत्रिक अटी पूर्ण करणाऱ्या स्टार्टअप उद्योगांना उलाढाल व अनुभव यांच्या अटी शिथिल करण्याची तरतूद आहे. ही सूट अनुभवाच्या दाखल्याला आहे, गुणवत्तेला नाही, हा भेद नीट समजून घेतला पाहिजे. २०२३ साली राज्याने वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला. खरेदी एका ठिकाणी आल्यावर लहान उत्पादकासाठी दार रुंद करणेही सोपे होते आणि ते अजाणता बंद होणेही सोपे होते. कोणते घडते, ते निविदेचा मसुदा लिहिणाऱ्या लेखणीवर अवलंबून राहील.

ज्याने त्याने उचलावयाचा वाटा

येथे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य असे तिन्ही वर्ग उपस्थित आहेत. या कामात प्रत्येकाचा वाटा आहे.

अधिकारीवर्गाने एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. माल स्वीकारल्यानंतर लघुउद्योजकाचे देयक वेळेवर द्यावे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार ते जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास व्याजाचीही तरतूद आहे. मोठी कंपनी सहा महिने थांबू शकते. गाळ्यातील उद्योजक तिसऱ्या महिन्यात कामगार कमी करतो आणि सहाव्या महिन्यात यंत्र विकतो. देयकाच्या फायलीवर दिवस मोजले जातात, तेव्हा कोणाच्या तरी घरची चूलही त्याच दिवसांवर चालत असते.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सांगावे की, वैद्यकीय क्षेत्रात जावयाचे तर डॉक्टर होणे हा एकमेव मार्ग नाही. तंत्रनिकेतनांत वैद्यकीय इलेक्ट्रॉनिक्सची पदविका आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत साचेकारी आणि यंत्रकाम शिकविले जाते. रुग्णालयातील बंद पडलेले यंत्र सुरू करणारे हातही रुग्णाचे प्राण वाचवितात. मिनिआपोलिसचा तो अभियंताही प्रथम दुरुस्तीच करीत होता.

पंचायत सदस्यांचा वाटा सर्वांत दुर्लक्षिलेला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत लोकप्रतिनिधी बसतात. समितीच्या बैठकीत इमारतीची डागडुजी आणि औषधांचा साठा यांबरोबर उपकरणांचाही विषय निघाला पाहिजे. कोणते उपकरण बंद आहे, किती दिवस बंद आहे आणि का बंद आहे? विजेचा दाब कमीजास्त होतो म्हणून? पावसाळ्यातील दमट हवेने? सुटा भाग मिळत नाही म्हणून? की त्यावरील सूचना आरोग्यसेविकेला कळणाऱ्या भाषेत नाहीत म्हणून? ही नोंद ठेवली आणि वर पाठविली, तर ती केवळ तक्रार राहणार नाही. परदेशी यंत्र थंड, कोरड्या, अखंड विजेच्या देशासाठी घडविलेले असते. आपल्या वैद्यकीय उपकरणांपैकी सत्तर ते ऐंशी टक्के आयात होतात, असा अंदाज सांगितला जातो. गडचिरोलीच्या पावसात आणि जतच्या धुळीत टिकणारे यंत्र कसे असावे, याचे ज्ञान त्या आरोग्य केंद्रातच आहे. ते चारकोपच्या गाळ्यापर्यंत पोहोचणे, हीच देशी उद्योगाची खरी भांडवल-उभारणी होय.

समारोप

चारकोपचे पंचवीस चौरस मीटरांचे भूखंड वाटले गेले, तेव्हा इतक्या लहान जागेत माणसे काय उभारणार, अशी शंका घेता आली असती. आज तेथे एकावर एक मजले चढले आहेत आणि तिसरी पिढी त्या अंगणांत वाढते आहे. शासनाने त्या घरांची एकही भिंत रंगविली नाही. परंतु नळाला पाणी आणले नसते, तर एकही भिंत उभी राहिली नसती.

वैद्यकीय उपकरणांच्या लहान उद्योजकालाही आपले घर स्वतः बांधता येते. कल्पना त्याची, कष्ट त्याचे, नफातोटाही त्याचाच. त्याला हवी आहे ती आखलेली जागा, चाचणीची सोय, रुग्णालयाचे उघडे दार, ठरल्या दिवशी मिळणारे उत्तर आणि वेळेवर दिलेले पहिले देयक. एवढे पुरविले, तर दूरच्या एखाद्या उपकेंद्रात, मध्यरात्री, कंदिलाच्या उजेडात काम करणाऱ्या आरोग्यसेविकेच्या हातातील साधन ऐन वेळी दगा देणार नाही. आणि त्यावर ‘चारकोप, मुंबई’ असा शिक्का असेल.